भांड्यांच्या फोटोतली रिकामी जागा

तांब्या ही सुंदर वस्तू आहे, हे मला त्यातून छत्तीस वर्षं पाणी पिऊन झाल्यावर कळलं. कळलं तेही पुण्याच्या एका मासिकातून. आमच्या गिरणीच्या ऑफिसात हे मासिक टेबलाटेबलावरून फिरत येतं आणि माझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्यातली गोष्टींची पानं कुणीतरी घरी नेलेली असतात. मला उरतात ते लेख. चौतीस सालच्या पौषात 'नित्याच्या वस्तूंतील सौंदर्य व छायाचित्रकला' हा लेख उरला होता. लेखकाचं म्हणणं असं की, चांगल्या फोटोला राजवाडा लागत नाही की धबधबा लागत नाही. घरातलं सूप, चाळण, तांब्या, दोरीचं वेटोळं, एवढं पुरे. फक्त रेषा दिसली पाहिजे, आकार दिसला पाहिजे, सावली कुठं पडते ते दिसलं पाहिजे. लेख संपवून मी टेबलावरच्या तांब्याकडं पाहिलं आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला. काय त्याचा गळा, काय ते पोट, आणि खिडकीतल्या उन्हाची एक बारीक रेघ काठावरून बुडापर्यंत उतरलेली. हेडक्लार्कनी तो उचलला आणि वरून घटाघटा पाणी प्यायलं. अशा माणसाच्या हाताखाली मी बारा वर्षं काढली होती.

लेखाखाली स्पर्धा होती. घरगुती वस्तूंचा एक फोटो पाठवायचा. त्यात मनुष्य अगर जनावर नसावं. पहिला येईल त्याला मासिकात पूर्ण पान आणि खाली नाव व गाव. आमच्या घराण्याचं नाव आजवर छापून आलं ते लग्नपत्रिकेत, आणि त्या पत्रिकाही मुलीकडच्यांनी छापलेल्या. करकंबच्या नलवड्यांचा मुलगा पूर्ण पानाखाली छापला जाणार, या विचारानं त्या दिवशी माझ्या दोन बेरजा चुकल्या.

कॅमेरा मिळायला वेळ लागला नाही. आमच्या टायपिस्टाकडं एक डबा कॅमेरा पडून होता. त्यानं त्यातून सासूचा फोटो काढला होता आणि तो फोटो पाहिल्यापासून त्याच्या बायकोला कॅमेरा घरात नको होता. मी माझी सायकल दिली आणि डबा घेतला. तेव्हापासून मी ऑफिसला चालत जातो. चालताना रेषा जास्त दिसतात, हा एक फायदाच म्हणायचा.

हा डबा म्हणजे काळी चौकोनी पेटी. पुढं एक डोळा, वर बोटभर काच. पेटी पोटाशी धरायची, मान खाली घालायची, काचेत चित्र बघायचं, श्वास रोखायचा आणि खटका ओढायचा. ऊन लख्ख पाहिजे आणि वस्तू सहा-सात हात लांब पाहिजे, नाहीतर चित्र पुसट येतं. एका फिल्ममध्ये आठ फोटो. ही माहिती घरात सांगितली तेव्हा माझी बायको वच्छला म्हणाली, "आट फोटू? मग आदी माजा काडा. लग्नाला चौदा वर्सं झाली, एक बी न्हाय." मी तिला स्पर्धेचा नियम वाचून दाखवला. ती म्हणाली, "म्हंजी मी मनुष्य हाय म्हणून माजा न्हाय, आन् सूप सूप हाय म्हणून त्येचा?" कलेच्या क्षेत्रात पहिला विरोध घरातूनच होतो, असंही त्या लेखात असायला हवं होतं.

पहिला प्रयोग कडक भाकऱ्यांचा. वच्छलानं आठवड्याच्या भाकऱ्या करून ठेवल्या होत्या. पातळ, कुरकुरीत, गोल. त्यांची चवड अंगणात उन्हात मांडली, तर गोलावर गोल, प्रत्येकाची कड थोडी वाकडी, प्रत्येक कडेखाली सावलीची एक बारीक रेघ. एकच आकार पुन्हा पुन्हा आला की डोळ्याला ताल सापडतो, असं लेखकानं म्हटलं होतं. तो ताल मला ऐकू यायला लागला. मी मान घालून काचेत पाहू लागलो, तेवढ्यात काचेच्या डाव्या कोपऱ्यातून दोन शिंगं आत आली. केराबाई धनगरीण आमच्या बोळात दूध घालायला येते आणि तिच्या मागं तिची शेळी येते. चित्रात जनावर नसावं हा नियम शेळीला कोण सांगणार? फोटो आला तो शेळीचाच, आणि फार सुरेख आला. केराबाईनं तो मागून नेला. आम्ही त्या आठवड्यात ताज्या भाकरी खाल्ल्या, आणि त्या थापताना वच्छला माझ्याशी बोलत नव्हती.

दुसरा प्रयोग जोड्यांचा. आमचे घरमालक सिद्धारामप्पा. शुक्रवार पेठेत त्यांचं घर, मागच्या दोन खोल्यांत आम्ही. त्यांच्याकडं कानडी पुराण लागलं होतं आणि दाराबाहेर चपला, वहाणा, पायताणं यांचा ढीग. ढिगाला आकार नसतो, तो द्यावा लागतो. मी सगळे डावे जोडे डावीकडं लावले, सगळे उजवे उजवीकडं लावले, लहानापासून मोठ्यापर्यंत उतरत्या ओळीत. जीव रमून गेला. आता काचेत बघणार, तोच पुराण संपलं आणि मंडळी बाहेर आली. त्यानंतर जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही. एवढंच सांगतो की बार्शीहून आलेले एक पाहुणे दोन्ही डावे घालून स्टेशनला गेले. सिद्धारामप्पा मला म्हणाले, "मानसिंगराव, तुम्ही चांगला माणूस आहे. पण रिकामं बसू नका." मी रिकामा बसलो होतो असं ज्यांना वाटतं, त्यांना मी काय उत्तर देणार?

पहिली फिल्म अशी सरली. एक सुपाचा, त्यात माझा अंगठा. एक दोरीचा, तो दोरीसारखा न येता सापासारखा आला. एक उखळाचा, तो आलाच नाही. दुसऱ्या फिल्मचेही सात असेच गेले. शेवटी एकच फोटो शिल्लक राहिला, आणि माघातल्या पहिल्या सोमवारी पाकीट टपालात पडलं पाहिजे होतं.

त्या आधीच्या आठवड्यात मी शेंगा वाळत घालायला माळवदावर चढलो. वच्छलानं पितळेची सगळी भांडी चिंचेनं घासून खाली अंगणात उन्हात ठेवली होती. मी सहज वाकून पाहिलं, आणि शेंगा तशाच हातात राहिल्या.

वरून पाहिलं की घागर ही घागर राहत नाही. एक मोठं वर्तुळ, त्यात एक लहान वर्तुळ, त्यात काळोख. ताट म्हणजे पुरा चंद्र. तांब्या, वाट्या, फुलपात्रं लहानमोठे ठिपके. खाली शहाबादी फरशीच्या सरळ रेघा, आणि सकाळचं ऊन तिरपं, त्यामुळं प्रत्येक भांड्याला त्याच्याहून लांब सावली फुटलेली. सगळ्या सावल्या एकाच दिशेला. मला ओरडावंसं वाटलं. मी ओरडलोही. वच्छला धावत बाहेर आली. तिला वाटलं मी पडलो.

"हालवू नगंस," मी वरून म्हणालो. "कायबी हालवू नगंस."

नुसतं पडलेलं चित्र चालत नाही, ते मांडावं लागतं. लेखात समतोलावर एक पूर्ण परिच्छेद होता. चित्राच्या दोन्ही बाजू एकमेकींना तोलून धरणाऱ्या असाव्यात, आणि डोळ्याला विसावा म्हणून मध्ये रिकामी जागा सोडावी. मी खाली उतरलो आणि मांडायला बसलो. इकडं घागर तर तिकडं घागर. इकडं तीन ताटं तर तिकडं तीन ताटं. वाटीला वाटी, पळीला पळी. मधून दोन हातांची मोकळी वाट. वर चढून पाहिलं, पुन्हा उतरलो, एक फुलपात्र बोटभर सरकवलं, पुन्हा चढलो. गुडघे दुखायला लागले, पण इतका आनंद मला पगारवाढीच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता. फक्त एक उणीव राहिली. डावीकडच्या तांब्याच्या हंड्याला उजवीकडं जोड नव्हती. उजवी बाजू हलकी पडत होती. तिथं काय पाहिजे ते मला लख्ख दिसत होतं. करकंबला थोरल्या भावाकडं आमच्या वडिलांच्या वेळचं मोठं घंगाळ होतं. रुंद, बसकं, दोन बाजूंना दोन कड्या. त्या कड्यांची सावली फरशीवर कशी पडेल या विचारानं मला राहवेना.

त्याच वेळी सिद्धारामप्पांचे मेहुणे निंगप्पा अंगणातून निघाले होते. हे कडधान्याचे व्यापारी, दर आठवड्याला करकंबच्या बाजाराला जाणारे. मी माळवदावरूनच त्यांना हाक मारली. "निंगप्पा, आमच्या दादांना सांगा, वडिलांचं घंगाळ तेवढं पाठवून द्या म्हणावं. रविवारच्या आत."

निंगप्पा भांड्यांच्या मधल्या वाटेत थांबले. त्यांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं. मग हळूच विचारलं, "हे काय चाललंय वो?"

"फोटो काढायचाय."

"भांड्यांचा?"

"होय. बघा की, दोन्ही बाजू सारख्या झाल्यात का?"

"सारख्या आहेत," निंगप्पा म्हणाले, आणि का कोण जाणे, डोक्यावरची टोपी काढून हातात घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येतो तो सिद्धारामप्पा ओट्यावर माझी वाट पाहत बसलेले. त्यांनी मला शेजारी बसवलं आणि पाठीवर हात ठेवला. "वाटणी करतो, तर मला एक शब्द सांगायचं की नाही? घरात राहतो तुम्ही माझ्या."

"कसली वाटणी?"

"लाजू नका. होतंच ते. भाऊ भाऊ म्हटलं की आज ना उद्या होतंच."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आमच्याकडं भांडी अशी निम्मीनिम्मी, मधून वाट सोडून, अंगणात मांडतात ती एकाच प्रसंगी. भाऊ वेगळे निघताना. घागरीला घागर, ताटाला ताट, पंच ओट्यावर, आणि दोन जावा दोन बाजूंना पदर तोंडाला लावून. आमच्या चुलत्यांची वाटणी मी लहानपणी भिंतीवर बसून पाहिली होती. तरी आदल्या दिवशी भांडी मांडताना मला ती एकदासुद्धा आठवली नाही. लेखातला समतोल डोक्यात असा भरला होता की त्यात दुसरं काही मावत नव्हतं.

मी सिद्धारामप्पांना सगळं समजावून सांगितलं. मासिक, स्पर्धा, सावली, समतोल, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "भांड्यांचा फोटो."

"होय."

"मला पण कळतंय की थोडं. समान वाटे केले, त्याचा फोटो काढून ठेवला, म्हणजे उद्या भाऊ कोर्टात गेला तर पुरावा. शहाण्या माणसाचं काम आहे. आमचे सोमलिंग वकील पण म्हणाले, असं डोकं सोलापुरात अजून कुणी लावलं नाही."

खरं सांगून भागत नाही तेव्हा माणसानं काय करावं, याबद्दल कुठल्याच मासिकात लेख येत नाही. मी फोटो म्हणायचा अवकाश, लोक मान डोलवायचे. हेडक्लार्कनी मला बाजूला घेऊन विचारलं की, विहीर असेल तर तिचा फोटो कसा काढणार, कारण त्यांच्याही मनात भावाबद्दल काही होतं. सिद्धारामप्पांनी पंच म्हणून बसायचं स्वतःच ठरवलं आणि फेटा धुवायला टाकला. बोळातले दोघंतिघं, ज्यांच्याशी माझा नुसता रामराम होता, ते चहा प्यायला येऊन बसले आणि आपापल्या वाटण्यांच्या हकिकती सांगून गेले. प्रत्येकाचं शेवटचं वाक्य एकच. कुणी चांगुलपणा केला की तो फसला.

केराबाई दूध मापता मापता वच्छलाला म्हणाली, "बाय, एक ध्येनात ठिव. घंगाळ सोडू नगंस. सासऱ्याचं हाय. जाऊ लई गोड बोलंल, तू बधू नगंस."

वच्छलानं दुधाचं भांडं आत नेऊन आपटलं. मी आत गेलो तर ती चुलीपुढं नुसतीच बसली होती. "सगळी मला म्हणत्यात मी घर फोडलं," ती म्हणाली. "घर कुनी का फोडंना, नाव बाईचंच हुतं. जाऊ असून बी आक्कांनी मला लेकीवानी वागवलं. त्यांच्या कानावर हे गेलं तर मी करकंबला तोंड कसं दावू?"

मला फार वाईट वाटलं. आमचे थोरले दादा, आबासाहेब, वडील गेल्यावर शाळा सोडून औताला लागले आणि मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं. त्यांच्या मनात असलं काही भरलं तर माझं पूर्ण पान काय कामाचं? मी त्याच संध्याकाळी मोटार स्टँडवर जाऊन करकंबच्या मोटारीच्या ड्रायव्हरला निरोप दिला. "दादांना सांगा, काळजी करू नका. भांड्यांचा फक्त फोटो काढतोय." ड्रायव्हर म्हणाला, "सांगतो की. निंगप्पांनी पण हेच सांगितलंय तिकडं."

आता वाचक म्हणतील, मग सोडून द्यायचा होता नाद. सोडवेना. रोज सकाळी अंगणात ऊन यायचं आणि मला ती वर्तुळं दिसायची. वच्छलाला मी शब्द दिला की रविवारी फोटो काढून होईल, मग छापील पान हातात घेऊन घरोघर फिरेन. ती म्हणाली, "छापलं न्हाय तर?" याचा मी विचार केला नव्हता.

रविवार उजाडला तो निरभ्र. मी भांडी मांडली. घंगाळ आलं नव्हतं, म्हणून त्या जागी सिद्धारामप्पांकडचा एक हंडा तात्पुरता ठेवला. पंच मंडळी धुतलेले फेटे बांधून ओट्यावर बसली. मी त्यांना भिंतीला टेकवलं, कारण फेट्यांच्या सावल्या चित्रात येत होत्या. शिडीचीही सावली येत होती, म्हणून वर चढून गेल्यावर मी शिडी काढायला लावली. कॅमेरा पोटाशी धरून पुढं खाली कलवला. काचेत पाहिलं. ऊन हळूहळू सरकत पहिल्या घागरीच्या काठावर आलं, मग दुसऱ्या, आणि सगळं अंगण सावल्यांनी आखलं गेलं. आता फक्त घंगाळ हवं होतं.

आणि घंगाळ आलं. ते दादांच्या डोक्यावर होतं. मोटार स्टँडपासून ते स्वतः डोक्यावर घेऊन आले होते, हमाल केला नव्हता. मागं बजावहिनी. नाक्यावर जकातीच्या कारकुनानं त्यांना अडवून विचारलं होतं, विकायला आणलं की घरचं? दादांनी उत्तर दिलं होतं, वाटणीचं. जकातीच्या कायद्यात ते कशात बसतं हे ठरेना, म्हणून बराच वेळ त्यांना तिथं उभं केलं होतं. हे सगळं मला मागून कळलं. त्या क्षणी मी वरून काचेत पाहिलं तर भांड्यांच्या मधल्या मोकळ्या वाटेत माझा भाऊ उभा होता. त्यांनी घंगाळ उतरवून तिथंच मधोमध ठेवलं.

"हे घे," दादा म्हणाले. ते माझ्याकडं बघत नव्हते, भांड्यांकडं बघत होते. "आनखी काय पायजे ती सांग. मोटारीनं दोन फेऱ्या करीन."

मी काय बोलायला हवं होतं ते आता मला सुचतं. त्या वेळी ऊन सरकत होतं आणि दादांची लांबलचक सावली डावीकडच्या सगळ्या ताटांवर पडली होती.

"दादा," मी वरून म्हणालो, "घंगाळ उजवीकडं ठिवा. आन् तुमी जरा बाजूला व्हा, तुमची सावली पडतीया."

वहिनी मटकन खाली बसल्या. दादा त्यांना म्हणाले, "ऐकलंत न्हवं? माजी सावली बी नको झाली त्येला."

आणि ते दाराकडं वळले.

तेव्हा मला कॅमेरा, पान, पुणे, काही दिसेना. मी शिडीकडं धावलो, तर शिडी खाली भिंतीला आडवी. "शिडी लावा," मी ओरडलो. सिद्धारामप्पा गंभीरपणे म्हणाले, "पंचांनी एका बाजूला मदत करू नये." मग मी पन्हळ धरली आणि पाय खाली सोडले. पन्हळ जुनी होती. मी लोंबकळलो, ती कुरकुरली, वच्छला किंचाळली.

"अरं पडशील की," हा आवाज दाराकडून आला. आमचे दादा लहानपणी मी चिंचेवर चढलो की असेच ओरडायचे. ते भांड्यांतून वाट काढत धावत आले, एका हातानं माझे पाय धरले आणि दुसऱ्या हातानं शिडी ओढून लावली. मी खाली उतरलो. ते धापा टाकत होते. "हात मोडला असता म्हंजी? लिवायचं काम हाय तुजं," ते म्हणाले, आणि मग त्यांना आठवलं की आपलं भांडण आहे. त्यांनी धरलेला माझा हात सोडला.

मी त्यांच्या पाया पडून सांगितलं. वाटणी नाही, काही नाही, माझ्या मनातसुद्धा नव्हतं. नुसतं चित्र आहे. दादा म्हणाले, "चित्रं मानसाची असत्यात, देवाची असत्यात. भांडी निम्मीनिम्मी करून कसलं चित्र?"

"वर चला," मी म्हणालो. "तुमच्या डोळ्यांनी बगा."

आम्ही दोघं वर चढलो. मी कॅमेरा त्यांच्या पोटाशी धरला आणि मान खाली घालायला लावली. दादा किती तरी वेळ काचेत बघत राहिले. मग म्हणाले, "ही आपली घागर? आयला, चाक झालं की तिचं." जरा वेळानं, "आन् ह्या सावल्या बग, समद्या एकाच वाटंनं निगाल्यात." ते खाली वाकले, वर आले, पुन्हा काचेत वाकले. मला वाटलं आनंदानं माझं छातीचं बटण तुटेल. सोलापुरात इतक्या दिवसांत एकाही माणसाला जे दिसलं नव्हतं, ते माझ्या भावाला दिसत होतं. "अवो, वर या," ते वहिनींना म्हणाले, "बगा, तुमच्या धाकल्या दिरानं काय केलंय." वहिनी म्हणाल्या, मी काय शिडी चढत न्हाय.

मग दादांचा चेहरा बदलला. "मानसिंगा, समदं ब्येस हाय. पर ही मदली वाट कशाला?"

"ती पायजे, दादा. बघणाऱ्याच्या डोळ्याला विसावा म्हणून."

"मी बगतोय न्हवं?"

"व्हय."

"मला न्हाय वाटत विसावा. मला तिथं चुलते दिसत्यात, वाटणीच्या दिवशीचं. एक हिकडं बसलेला, एक तिकडं." त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला. "बुजव ती."

मी खाली पाहिलं. ती वाट म्हणजे माझ्या चित्राचा प्राण होता. ती होती म्हणून डावं डावं होतं आणि उजवं उजवं होतं. ती गेली की नुसता भांड्यांचा बाजार. ऊन अर्ध्या अंगणातून गेलं होतं, फिल्मवर एकच फोटो, उद्या सोमवार. मी लेखकाला आठवलं, पूर्ण पानाला आठवलं. मग शेजारी पाहिलं. दादांच्या डोक्यावरच्या मुंडाशाला घंगाळाच्या बुडाचा गोल वण पडला होता.

"वच्छला," मी म्हणालो, "वाट बुजव. समदी भांडी मधी ओढ."

वच्छला आणि बजावहिनी दोघी कामाला लागल्या. घागरीला घागर भिडली, ताटावर ताट चढलं, वाट्या कुठंही गेल्या. मधोमध घंगाळ आणि त्याला खेटून हंडा. वहिनी मध्येच म्हणाल्या, "वच्छला, ही पळी तर माजी, गेल्या दिवाळीत हरवलेली," आणि वच्छला म्हणाली, "आक्का, न्या की मग." दोघी हसायला लागल्या. ओट्यावर पंचांनी एकमेकांकडं पाहिलं. सिद्धारामप्पांनी फेटा सोडून गुडघ्यावर ठेवला. त्यांची तयारी फुकट गेली होती. दोघी बाजूला झाल्या आणि मी श्वास रोखून खटका ओढला.

त्या दिवशी त्याच भांड्यांत स्वयंपाक झाला आणि पंचांसकट सगळे जेवले. फोटो रातोरात धुवून घेतला आणि सोमवारी पाकीट टपालात पडलं.

चैत्रात मासिक आलं. या वेळी मी ते पहिल्या टेबलावरूनच उचललं. पूर्ण पानावर कुणा मुंबईकराची चाळण होती. मागच्या पानावर बारीक टायपात इतरांच्या चित्रांवर परीक्षकांनी दोन-दोन ओळी लिहिल्या होत्या. त्यात मी होतो. नाव व गाव. मासिक घेऊन मी पहिल्या मोटारीनं करकंबला गेलो. फोटोची एक प्रत दादांनी आधीच चौकट करून सोप्यात लावली होती, वडिलांच्या पगडीच्या खुंटीशेजारी. वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला त्यातली आपली पळी दाखवत होत्या.

दादांनी मला समोर बसवलं. "वाच."

मी वाचलं. "श्री. मानसिंग नलवडे, सोलापूर. आकार व छाया यांची जाण उत्तम. तथापि मांडणी फार दाटीची. वस्तूंचे दोन भाग करून मध्ये रिकामी जागा सोडली असती, तर या चित्राचा प्रथम क्रमांकासाठी विचार करता आला असता."

दादांनी ते मला पुन्हा वाचायला लावलं. मग त्यांनी फोटोकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि पान खात खात म्हणाले, "त्येला सख्खा भाऊ नसंल."